पंप हाऊसचा जुना सेट

दादाराव पंपवाल्याचा आवाज खाणीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता, माणूस मात्र फार थोड्यांनी पाहिलेला. सौसरपासून आठ मैलांवर मॅंगनीजची ती खाण, आणि खाणीपासून पुढे चार किलोमीटरवर कन्हान नदी. नदीच्या पात्रात विहिरीसारखी एक उंच गोल बांधणी उभी होती. तिच्या डोक्यावर पंपांची खोली, आणि काठापासून खोलीपर्यंत चिंचोळा लोखंडी पूल. दादाराव दिवसभर तिथे एकटा असायचा. टेलिफोनची तार तिथवर गेली नव्हती म्हणून त्याला वायरलेसचा सेट दिला होता, विटेएवढा जड, खांद्याला पट्ट्याने लटकवायचा. दर तासाला तो कंट्रोल रूमला पाणी कळवायचा.

"पंप हाऊस बोलून राहिलं. नदी साडेचार फूट. दोन्ही मोटारी चालू. ओव्हर."

सहा महिन्यांपूर्वी कंट्रोल रूममध्ये नवी ऑपरेटर आली, तेव्हापासून या आवाजात एक वेगळीच ऐट आली होती. ऑपरेटर त्याचीच मुलगी होती. प्रमिला. सौसरच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, नागपूरला टेलिफोनचा कोर्स केलेली. त्यांच्या वस्तीतून टेबल-खुर्चीवर बसून नोकरी करणारी ती पहिलीच पोरगी. सेटवर घरचं बोलायचं नाही, असा नियम होता. दादाराव नियमाचा पक्का. तो मुलीला "कंट्रोल" म्हणायचा, ती त्याला "पंप हाऊस". गेटवरचे पहारेकरी आपापल्या सेटवर ते ऐकायचे आणि हसायचे. पाच वाजता ड्युटी संपताना दादाराव म्हणायचा, "कंट्रोल, पंप हाऊस आता बंद होऊन राहिलं," आणि मग दोघंही एकाच रस्त्याने, अर्ध्या तासाच्या फरकाने, एकाच घरी जायची.

हे सगळे सेट चालते ठेवायचं काम मोरेश्वरकडे होतं. मोरेश्वर पांढुर्ण्याचा. बाजारात एका रेडिओच्या दुकानात हात काळे करत शिकलेला. खाणीत त्याला मेकॅनिक म्हणून घेतलं त्याला आता चौदा वर्षं झाली होती. बायको, मुलं पांढुर्ण्यालाच. तो खाणीच्या क्वार्टरमध्ये एकटा राहायचा आणि सणावाराला, रविवारला बसने घरी जायचा. पंप हाऊसचा सेट तपासायला महिन्यातून एकदा तो सायकलने नदीवर जायचा. दादाराव स्टोव्हवर चहा ठेवायचा. दोघं पुलावर पाय सोडून बसायचे, आणि मोरेश्वरला तिथून उठावंसं वाटायचं नाही. गावात ज्या घरचं पाणी आपले वडील कधी प्यायले नाहीत, त्या घरच्या माणसाच्या हातचा चहा आपल्याला सगळ्यांत गोड लागतो, हे त्याच्या मनात यायचं. बोलून मात्र तो कधी दाखवायचा नाही.

त्या उन्हाळ्यात खाणीत मोठी चोरी झाली. सुरुंगाची दारू ठेवायची कोठी होती, तिथल्या पहारेकऱ्याला सेटवर कोणीतरी सांगितलं, "मेन गेटवर ये, साहेबांनी बोलावलं." तो गेला. परत येईस्तोवर कोठीचं कुलूप तुटलं होतं आणि दोन पेट्या नाहीशा झाल्या होत्या. मागे कधीतरी एक सेट हरवला होता. त्याच्यावरूनच कोणी बोललं असणार, हे उघड होतं.

सिक्युरिटीचे साहेब फौजेतून निवृत्त झालेले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्या चोरीने त्यांची झोप उडवली. त्यांनी नागपूरहून दहा नवे सेट मागवले. नव्या सेटची करामत अशी की बोलताना तो आपल्या आवाजाखाली एक बारीक गुणगुण पाठवायचा, माणसाच्या कानाला न कळणारी. समोरचा सेट ती गुणगुण ओळखली तरच तोंड उघडायचा. गुणगुण नसलेल्या सेटवरून कोणी कितीही ओरडलं तरी नवे सेट मुके. चोराने जुन्या सेटवरून खोटा निरोप द्यायचा म्हटलं तर आता सोय नव्हती.

जुने सेट चार उरले. त्यांतल्या दोघांच्या पोटात नागपूरहून आलेली गुणगुणीची पट्टी बसली. उरलेले दोन फारच जुने होते. पट्टी त्यांच्यात मावेना, आणि मावली तरी त्यांच्या बॅटरीला ती पेलेना. एक सेट होता टेकडीवरच्या गेटवर, तुळशीराम नावाच्या पहारेकऱ्याकडे. दुसरा पंप हाऊसचा.

मोरेश्वर साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, इन दो सेट के लिए कंट्रोल का कान खुला रखना पडेगा. उसमें बटन है, दबाके रखो तो सब सुनाई देता है."

"दो सेट के लिए पूरी खदान का दरवाजा खुला रखूं?" साहेब म्हणाले. "फिर कोई भी बोलेगा, लडकी सच मान लेगी. वो बटन तुम काट दो. आज ही."

"पंप हाऊस का क्या, साहेब?"

"आदमी सुबह-शाम साइकल से चिट्ठी लाएगा. दो-तीन महिने में नया सेट मंगा लेंगे."

मोरेश्वरने बटन काटलं. त्याच दिवशी, सोमवारी दुपारी, प्रमिलाच्या टेबलावरचा मोठा सेट उलटा करून, चार स्क्रू काढून, त्याने आतली काळी वायर कापली आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळला. प्रमिला बाजूला उभी राहून पाहत होती.

"काका, आता बाबा बोलले तं मले आयकू नाई येनार?"

"नाई येत. पन तू बोलली तं त्याईले आयकू येते. जुन्या सेटले समदं आयकू येते."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "एकाच बाजूनं बोलाचं म्हनजे कसंतरीच वाटते नं."

दोन दिवसांनी मोरेश्वर नदीवर गेला. आपण या माणसाची जीभ कापून आलो, असं काहीतरी त्याला वाटत होतं. दादारावने नेहमीसारखा स्टोव्ह पेटवला.

"अजी मोरेश्वरभाऊ, तोंड काहून पाडून राहिले? मले तं फायदाच झाला. दिवसभर पोरीचा आवाज आयकतो, आन् उत्तर द्याची कटकट नाई."

"दादाराव, मी घरीच एक पट्टी करून पाहतो. जुन्या पार्टातून. लहान करतो, तुमच्या सेटात बसंल अशी."

"साहेबाले चालंल?"

"गुणगुण निघाली तं साहेबाले काय कळते, नवी हाये का जुनी."

दादाराव हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पन तुमी घाई नोका करू. रविवारी पोळा हाये. सणाले घरी जा, मंगळवारी आना पट्टी. लेकरं वाट पाह्यत असतीन."

मोरेश्वर त्या रात्रीपासून कामाला लागला. मोडक्या रेडिओतून दोन ट्रान्झिस्टर काढले, तांब्याच्या तारेची वेटोळी हाताने गुंडाळली, आगपेटीच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर सगळं जोडलं. दोनदा गुणगुण चुकीची निघाली. तिसऱ्यांदा, शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला, त्याच्या टेबलावरच्या नव्या सेटने ती ओळखली आणि तोंड उघडलं. मोरेश्वर एकटाच होता. तरी त्याने टेबलावर हात आपटला.

पांढुर्ण्याची बस गाठायची तर साडेचारला सौसरच्या स्टँडवर असायला हवं होतं. खाणीचा ट्रक चार वाजता सौसरला निघणार होता. नदीवर जाऊन, सेट उघडून, पट्टी बसवून यायला दोन तास तरी लागले असते. त्याने घड्याळ पाहिलं. बायकोने निरोप पाठवला होता की या वर्षी तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी या. धाकटीला तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल हवा होता आणि तो सौसरच्या बाजारातून घ्यायचा होता. आणि खरं सांगायचं तर साहेबांना न विचारता पट्टी बसवायची त्याला थोडी भीतीही वाटत होती. मंगळवारी येऊ, साहेबांच्या कानावर घालू, मग रीतसर बसवू, असं त्याने स्वतःला सांगितलं. पट्टी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली, टेबलावर उंदीर फिरत म्हणून, आणि तो ट्रकवर चढला.

पोळा झाला. सोमवारी गोटमार झाली, नदीच्या दोन काठांवरून दरवर्षी होणारी दगडफेक, आणि गावातल्या सगळ्या बसगाड्या बंद होत्या म्हणून निघायचं ठरवलं तरी त्याला निघता आलं नसतं. मंगळवारी दुपारचं जेवून त्याने बस धरली.

त्या दिवशी सौसरला ऊन होतं. लख्ख, धुतल्यासारखं. पाऊस वर पडला होता, छिंदवाड्याकडच्या डोंगरात, रात्रभर आणि सकाळीही. इथे कोणाला त्याची खबर नव्हती. कन्हान अकरा वाजता पाच फुटांवर होती, बाराला सात. आणि एकच्या आत तिने लोखंडी पुलाला पाठीवर घेतलं. पुलाचा काठाकडचा भाग उचकटून वाहून गेला. दादाराव पंपांच्या खोलीत होता. मोटारी बंद करून तो शिडीने खोलीच्या गच्चीवर चढला आणि त्याने खांद्यावरचा सेट तोंडाशी धरला.

सव्वा वाजता प्रमिलाला टेलिफोन आला. वरच्या एका स्टेशनातून रेल्वेच्या माणसाने कळवलं होतं, नदी झपाट्याने चढते आहे. तिने लगेच बोलायचं बटन दाबलं.

"पंप हाऊस, पंप हाऊस. नदीला पूर येऊन राहिला. मोटारी बंद करा आणि पंप हाऊस सोडून द्या. लगेच निघा. ओव्हर."

दोन मिनिटांनी तिने तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा नियम मोडून म्हणाली, "बाबा, निघा." उत्तर येणार नव्हतंच. आपलं बोलणं त्यांना ऐकू जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपले बाबा हुकूम मोडणारे नाहीत, हेही ठाऊक होतं. म्हणजे निघाले असतील. चिखलातून पायी यायला तास-दीड तास लागेल. तिने वहीत वेळ लिहून ठेवली आणि कामाला लागली. मधूनच ती खिडकीतून रस्त्याकडे पाहत होती.

टेकडीवरच्या गेटवर तुळशीरामचा जुना सेट असाच पडून असायचा. तो कामाचा राहिला नव्हता. तरी म्हातारा संगतीसाठी तो चालू ठेवायचा. दोन मुक्यांना एकमेकांचं ऐकू यायचं, दादारावचं त्याला आणि त्याचं दादारावला. त्या दिवशी तो कुंपणाची फेरी मारून पावणेतीनला परतला, तर चौकीत सेटमधून दादाराव बोलत होता.

"पंप हाऊस बोलून राहिलं. पूल गेला. मी गच्चीवर हाव. दोर पाठवा. ढीवर टोलीतून डोंगा पाठवा, नाववाले पाठवा. ओव्हर."

"अरे दादाराव, केव्हापासून बोलून राहिला तू?" तुळशीराम ओरडला.

"एक वाजल्यापासून," दादाराव म्हणाला. "कोनी आयकून नाई राहिलं. तू जा बावा, कंट्रोलले सांग."

गेट सोडायचं नाही, असा हुकूम होता. तुळशीरामने गेट उघडंच टाकलं आणि सायकल काढली. पाच किलोमीटर काळी माती, परवाच्या पावसाने भिजलेली. अर्धा रस्ता सायकल त्याच्यावर बसली होती. साडेतीनला तो मेन गेटशी पोचला, नेमका तेव्हाच मोरेश्वर सौसरहून आलेल्या ट्रकमधून पिशवी घेऊन उतरत होता.

तुळशीरामने सायकल तशीच पाडली. त्याने नदीकडे हात केला. "दादाराव. गच्चीवर. पूल नाई राह्यला."

मोरेश्वरला ते एका क्षणात कळलं, सगळं, मागचं-पुढचं. तो गेटवरच्या पहारेकऱ्यावर ओरडला, "जीप काढा, दोर घ्या, टोलीतून ढीवर घ्या," आणि कंट्रोल रूमकडे धावत सुटला. जीप मिनिटा-दोन मिनिटांत निघालीही. तो गोंधळ ऐकून साहेब बाहेर आले, त्यांच्या अंगावरून तो तसाच आत गेला.

प्रमिला उभी राहिली. "काका, काय झालं?"

"जीप निघाली दोर घेऊन," एवढंच तो म्हणाला. सेट उलटा केला. स्क्रू काढताना दोन स्क्रू खाली पडून घरंगळले. काळ्या वायरवरचा टेप त्याने दाताने ओढून काढला. डाग द्यायला वेळ नव्हता. दोन टोकं बोटांनी पिळून एकत्र केली आणि ते बटन दाबून ठेवलं.

खोलीभर खरखर भरली. आणि खरखरीच्या मागून आवाज.

"...राहिलं. पाणी गच्चीच्या एक हात खाली. ओव्हर."

प्रमिलाने मोरेश्वरकडे पाहिलं. ते पाहणं त्याला पुढे आयुष्यभर विसरता आलं नाही. मग तिने माईकचं बटन दाबलं.

"बाबा! बाबा, आयकू येऊन राहिलं. तुमचं आयकू येऊन राहिलं मले."

खरखर. मग, "कोन, पमी?"

"हो, बाबा."

"खरंच आयकू येऊन राहिलं?"

"हो."

"कधीपासून?"

"आताच," ती म्हणाली. "आताच जोडलं काकांनी. जीप निघाली, बाबा. दोर घेऊन निघाली."

"बरं झालं. नाल्यावर हळू चालवा म्हना. गाडी घसरते तिथं."

साहेब दारात उभे होते. टोपी त्यांच्या हातात होती. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"पमी, आयक," दादाराव म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण पाण्याचा आवाज इतका होता की मधले शब्द तुटत होते. "तुनं सव्वा वाजता सांगतलं नं निघा म्हनून, ते मी आयकलं. पूल आधीच गेला होता. तुयी काई चुकी नाई त्यात. आयकलं का? ओव्हर."

"आयकलं."

"काय आयकलं, सांग."

"माही चुकी नाई," प्रमिला म्हणाली आणि टेबलाचा काठ घट्ट धरून रडायला लागली. बटनावरचा अंगठा तिने उचलला होता. रडणं त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

"मोरेश्वरभाऊ हायेत का तिथं?"

तिने माईक पुढे केला. मोरेश्वर त्यावर वाकला. "हाव," तो कसाबसा म्हणाला.

"भाऊ, सेट चांगला हाये बरं. पान्यात बुडाला होता एकडाव, तरी चालून राहिला. पोरीपाशी थांबा जरासे."

"दादाराव, जीप पोचतेच आता. तुमी फक्त धरून राहा."

"धरलंच हाये," दादाराव म्हणाला. "थांबा, भिंत..."

पुढे खरखर होती.

प्रमिलाने माईक घेतला. "पंप हाऊस," ती म्हणाली. "पंप हाऊस, बोला." तिने पुन्हा म्हटलं. पाच वाजेपर्यंत ती म्हणत होती, दर मिनिटाला, आणि कोणी तिच्या हातातून माईक घेतला नाही. जीपवाले साडेचारला परत आले होते. ते काठावर पोचले तेव्हा पात्रात बांधणी नव्हती. पाणी नुसतं सपाट वाहत होतं आणि वर ऊन होतं, असं त्यांनी मोरेश्वरला व्हरांड्यात हळू आवाजात सांगितलं. आत जाऊन तिला सांगायचं काम त्याच्यावरच आलं.

दादारावचं शरीर तिसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला सापडलं, मासेमारी करणाऱ्या ढीवरांनाच. सेट सापडला नाही.

चौकशी बसली. साहेबांनी मोरेश्वरला एकांतात बोलावलं. त्या आठवड्यात ते बरेच वाकल्यासारखे दिसत होते. "तुम कागज पर कुछ मत लिखो," ते म्हणाले. "बटन मेरे हुकम से कटा, मैं बोल दूंगा. वो पट्टी की बात मत लिखना. बिना लायसन का पुर्जा बनाया, तुम्हारी नौकरी जाएगी."

मोरेश्वरने लिहून दिलं. सगळं लिहिलं. वायर मी कापली. पट्टी शनिवारी तीन वाजता तयार होती. नदी चार किलोमीटरवर होती आणि माझ्याकडे सायकल होती. मी सणाला गेलो. अधिकाऱ्यांनी तो कागद वाचला आणि फाइलला लावला. निकालात त्याबद्दल एक ओळ आली, की मेकॅनिकने परवानगीशिवाय सुटे भाग वापरून प्रयोग केले, त्याबद्दल दोन महिने बिनपगारी. बाकी निकालात असं होतं की पंप हाऊस सोडण्याची सूचना वेळेत देण्यात आली होती. कंट्रोलच्या सेटचं बटन पुन्हा रीतसर जोडायचा हुकूम निघाला. महिन्याभरात नदीसाठी आणि टेकडीसाठी नवे सेटही आले. दोन-तीन महिने लागणार होते, ते.

प्रमिला पुन्हा कंट्रोल रूममध्ये बसली नाही. तिला हजेरी ऑफिसात घेतलं.

दादारावच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मोरेश्वर त्यांच्या घरी गेला. सोबत तुळशीराम होता. एकट्याने जायची त्याची हिंमत नव्हती. वस्तीतल्या बायका निघून गेल्या होत्या. चंद्रकला, दादारावची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली, दादारावचा एक फोटो ठेवला होता. खाणीच्या ओळखपत्रातला, मोठा करून घेतलेला. त्यामुळे चेहरा पुसट झाला होता.

मोरेश्वर जमिनीवर बसला आणि त्याने तिला सांगितलं. शनिवारचं. पिशवीतल्या पट्टीचं. बसचं.

चंद्रकलाने सगळं ऐकून घेतलं.

"त्यायनं मले सांगतलं होतं," ती म्हणाली. "मोरेश्वरभाऊ पट्टी करून राहिले म्हने. मंगळवारी आनतीन."

"वयनी, मी शनिवारीच..."

"आयकलं मी." ती फोटोकडे पाहत होती. "तुमी नसतं सांगतलं तं मी एवढंच धरून राह्यली असती, का नदीनं नेलं. आता तुमचंबी मनात येईन. रोज येईन. तुमी खरं बोलले, ते चांगलं केलं. पन माह्यासाठी नाई केलं तुमी ते."

मोरेश्वरने मान खाली घातली. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

प्रमिला चहा घेऊन आली. तिने कप ठेवले आणि तुळशीरामसमोर उकिडवी बसली.

"तुळशीराममामा, एक विचारू? तुमच्यापाशी जुना सेट होता. तुमाले बाबाचं आयकू येत होतं नं, त्या आठ-नऊ दिवसांत?"

"येत होतं, बाई."

"बाबा बोलत होते का? मी बोलली की उत्तर देत होते?"

तुळशीरामने मोरेश्वरकडे पाहिलं, मग चंद्रकलाकडे. सांगावं की नाही हे त्याला कळेना. "देत होता," तो म्हणाला. "दर तासाले. पयले जसा द्याचा तसा. पाणी किती, मोटारी किती. ओव्हरबी म्हने. मी हासलो एकडाव. मनलं, बावा, तिकडं कोनी आयकून नाई राहिलं, बॅटरी काहून जाळतं? तं म्हने, पोरगी बोलली आन् आपुन गप राह्यलो, असं कसं जमंल."

चंद्रकलाने पदर तोंडाला लावला.

"घरी तं काई नाई बोलले," प्रमिला म्हणाली. "मी म्हनत होती, बाबा, तुमाले मजा हाये, नुसतं आयकाचं. तं हासत होते." ती जरा पुढे सरकली. "अजून काय म्हनत होते?"

"ड्युटी संपताना म्हने, पंप हाऊस बंद होऊन राहिलं. मंग जरा थांबून म्हने, पमी, सांज झाली, संगं कोनी असन तं ये."

"रोज?"

"रोजच म्हने काईतरी. एके दिवशी म्हने, डबा पुरा खाल्ला का. एके दिवशी तुह्या आवाजाले म्हने, घसा बसला पोरीचा, आल्याचा चहा घे."

"तो बुधवार होता," प्रमिला म्हणाली. "बुधवारी बसला होता माहा घसा." ती बोटांवर मोजू लागली. "सोमवारी दुपारपासून बंद झालं. सोमवार. मंगळवार. बुधवारचं तुमी सांगतलं. गुरुवारी काय म्हनले?"

तुळशीराम आठवू लागला. म्हातारा माणूस, त्याने डोळे मिटले, कपाळावर हात ठेवला. बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावत होतं. मोरेश्वरच्या पुढचा चहा निवला होता, आणि त्याला तो उचलवेना.

"गुरुवारचं ध्यानात नाई, बाई," तुळशीराम म्हणाला. "गुरुवारी मी फेरीवर होतो वाटते. आयकलंच नाई मी."

"आठवा नं, मामा," प्रमिला म्हणाली. "जरासं आठवा नं."

तुळशीरामने पुन्हा डोळे मिटले. चंद्रकलाही आता त्याच्याकडेच पाहत होती.